दहाला अंथरुणावर, बारापर्यंत टक्क जागे: गोळीशिवाय झोपेची घडी कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, दिवसभर बैठं काम. रात्री दहाला आडवं व्हायचं, पण डोळा लागायला बारा वाजतात. तीनला जाग येते आणि चारपर्यंतचा वेळ कूस बदलण्यात जातो. मग साडेसहाच्या गजरापर्यंत झोप. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत अंथरुणात. चहा-कॉफी मिळून दिवसाला पाच कप, शेवटचा संध्याकाळी सहाला. चार महिने हे असंच चाललं आहे. झोपेची गोळी नको आहे, तर नैसर्गिक उपाय काय?

आधी हिशेब मांडू. बारा ते तीन हे तीन तास आणि चार ते साडेसहा हे अडीच, म्हणजे झोप साडेपाच तासांची. अंथरुणातला वेळ मात्र दहा ते साडेसहा, साडेआठ तास. टक्केवारी काढली तर ६५. रोजचे तीन तास तुम्ही अंथरुणात जागे राहण्याचा सराव करत आहात. दुखणं इथे आहे आणि उपायाची सुरुवातही इथूनच करायची. कोमट दूध, तळपायाला तेल, उशीवर सुगंध यांनी हे तीन तास भरून निघत नाहीत.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. जितका वेळ जागे तितकी भूक मोठी, आणि झोपेत ती भागते. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. दिवस कधी आणि रात्र कधी हे तो ठरवतो. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये ही दुहेरी मांडणी केली आणि झोपेवरचे बिनऔषधी उपचार आजही याच पायावर उभे आहेत. भूक पुरेशी असेल आणि घड्याळही रात्र म्हणत असेल, तर झोप आपसूक येते. तुमच्या बाबतीत दोन्ही बिघडलं आहे: लवकर आडवं झाल्याने भूक पुरती लागत नाही आणि सुट्टीच्या नऊमुळे घड्याळ दर आठवड्याला मागे सरकतं.

म्हणून पहिली गोष्ट झोपायची वेळ नव्हे, उठायची वेळ. ती आपल्या हातात असते, झोपायची नसते. साडेसहा ठरली तर सातही दिवस साडेसहा. रात्र कशीही गेली तरी तीच वेळ, फार तर अर्ध्या तासाचा फरक. सुट्टीला नऊपर्यंत झोपणं म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने अडीच तासांचा प्रवास करून पुन्हा परत येणं. त्या रात्री दहाला झोप येणार कुठून? जागं होऊन जेमतेम तेरा तास झालेले असतात.

उठल्यावर तासाभरात उजेडात बाहेर पडा, वीस ते तीस मिनिटं. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडं लांब असतं, साधारण २४.२ तासांचं. सकाळचा उजेड ते रोज पुढे ओढून जागेवर आणतो. घरातल्या दिव्यांचा उजेड बहुधा १०० ते ३०० लक्स असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजारांत जातो आणि स्वच्छ उन्हात एक लाखाच्या आसपास पोचतो. खिडकीजवळ बसणं हा अर्धामुर्धा पर्याय आहे, कारण खिडकीपासून दोन पावलं आत आलं की उजेड झपाट्याने घटतो. सूर्याकडे थेट बघायचं नाही, उघड्या आकाशाखाली चालणं पुरतं. एक अपवाद सांगायला हवा: ज्यांना संध्याकाळी साडेसात-आठलाच झापड येते आणि पहाटे तीन-चारला झोप पूर्ण संपते, त्यांचं घड्याळ आधीच पुढे असतं. अशांनी भल्या पहाटेचा उजेड टाळून संध्याकाळी उजेडात राहावं. वयस्कर लोकांत हे नेहमी दिसतं आणि त्यांनाही सरसकट पहाटे फिरायला जा असं सांगितलं जातं, त्याने त्यांची जाग आणखी लवकर होते.

आता सगळ्यात कामाचा भाग. हा लोकांना पटायला अवघड जातो, कारण तो उलटा वाटतो: झोप कमी पडत असेल तर अंथरुणातला वेळ कमी करायचा. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. सुरुवात वहीपासून. एक आठवडा, जमलं तर दोन, रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा: दिवा कधी मालवला, डोळा कधी लागला असावा, मध्ये एकूण किती वेळ जागे होतात, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. शेजारी दुपारची डुलकी, चहा-कॉफी आणि मद्य यांचीही नोंद. सगळं अंदाजाने लिहायचं. अचूक लिहिण्यासाठी रात्री घड्याळ बघायला लागलात तर ती वहीच झोप उडवेल.

आठवड्याची सरासरी झोप काढा आणि तीत अर्धा तास मिळवा. तुमची साडेपाच भरली, तर खिडकी, म्हणजे अंथरुणात राहायचा ठरवलेला वेळ, सहा तासांची. उठायची वेळ साडेसहा, म्हणजे अंथरुणावर जायची वेळ साडेबारा. त्याआधी झोप आली तरी आडवं व्हायचं नाही. दर आठवड्याला टक्का पाहायचा: झोपलेली मिनिटं भागिले अंथरुणातली मिनिटं, गुणिले शंभर. समजा पहिल्या आठवड्यात ३६० पैकी सरासरी ३२० मिनिटं झोप झाली, तर टक्का ८९. टक्का ८५ च्या वर गेला की पुढच्या आठवड्यात झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, सव्वाबारा. ८० ते ८५ असेल तर आहे तेच ठेवा. ८० च्या खाली असेल तर खिडकी पंधरा मिनिटांनी कमी करा, पण साडेपाच तासांच्या खाली कधीही जाऊ नका. पासष्टीपुढे ८० टक्के आले तरी उत्तम समजावं, कारण वयानुसार गाढ झोप कमी होते आणि जाग वाढते. त्यात आजार काही नसतो.

हे करताना पहिले सात ते दहा दिवस जड जातात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, रात्री साडेदहा ते साडेबारा हा काळ सरता सरत नाही. बहुतेक लोक इथेच सोडतात, नेमके तेव्हा जेव्हा भूक साठायला लागलेली असते. त्या दोन तासांसाठी बसून करायचं, हातांना काम देणारं काहीतरी आधीच ठरवून ठेवा: कपड्यांच्या घड्या, शिवण, कपाट आवरणं. सोफ्यावर पडून टीव्ही लावलात तर साडेअकराला मान कलंडणार, आणि ती पंधरा मिनिटांची डुलकी दिवसभराची कमाई खाऊन टाकते. सगळं सुरळीत झालं तर सहा तासांवरून सात तासांवर यायला किमान चार आठवडे, अनेकदा सहा ते आठ लागतात.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. अपस्मार, बायपोलर विकार, झोपेत चालण्याची सवय, गर्भारपण किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर स्वतःहून करू नये. लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्यांनी, अवजड यंत्रावर किंवा उंचावर काम करणाऱ्यांनीही नाही. त्यांनी त्याऐवजी अंथरुणातला वेळ दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी हळूहळू कमी करत जावं. परिणाम सावकाश येतो, पण दिवसा धोका होत नाही.

याच्या जोडीने अंथरुणाचे नियम. हे रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले आणि अजून त्यांच्याइतकं साधं आणि खात्रीचं दुसरं काही सापडलेलं नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधांसाठी. तिथे फोन नाही, जेवण नाही, कामाचे कागद नाहीत, उद्याच्या चर्चा नाहीत. झोप आली तरच आडवं व्हायचं. इथे एक फरक नीट ओळखायला हवा. थकवा आणि झोप या वेगळ्या गोष्टी आहेत. अंग आंबलंय, डोकं शिणलंय, हा थकवा. पापण्या जड होणं, तीच ओळ तीनदा वाचली जाणं, मान पुढे झुकणं, ही झोप. दहाला तुम्हाला जे जाणवतं तो बहुधा थकवाच आहे, आणि त्यासाठी खुर्चीत पाय लांब करून बसलं तरी पुरतं.

पंधरा-वीस मिनिटं झाली असावीत असं वाटलं आणि डोळा लागला नाही, किंवा वैताग यायला लागला, की उठा. दुसऱ्या खोलीत, नाहीतर त्याच खोलीत खुर्चीवर बसा. मंद दिवा, अंगावर शाल, आधी वाचून झालेलं पुस्तक. झापड आली की परत या. पुन्हा नाही लागली तर पुन्हा उठा. पहिल्या रात्री चार-पाच वेळाही उठावं लागतं. ‘निदान पडून आराम तरी होतो’ हे वाक्य इथे सगळ्यात जास्त नुकसान करतं. पडून राहण्याने अंथरूण आणि जागेपण यांची गाठ रोज घट्ट होत जाते. सोफ्यावर पेंगणाऱ्या माणसाची झोप अंथरुणाला पाठ टेकताच उडते, ती याच गाठीमुळे.

तीनच्या जागेबद्दल वेगळं सांगतो. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि गाढ झोपेचा बहुतेक वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात संपतो. पुढे झोप उथळ असते, स्वप्नं जास्त असतात. आवर्तनांच्या सांध्यांवर सगळ्यांनाच जाग येते, फक्त ती आठवत नाही. तीनला डोळे उघडणं हा बिघाड नव्हे. बिघाड पुढच्या मिनिटाला होतो: घड्याळाकडे नजर, ‘साडेतीन तास उरले’ हा हिशेब, छातीत धडधड. घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवा, फोन हाताच्या अंतरावर ठेवू नका. गजर तर वाजणारच आहे, वेळ कळून काहीच साधत नाही. लघवीसाठी उठावं लागत असेल तर रात्री मोठा दिवा लावू नका, जमिनीलगतचा पिवळसर मंद दिवा पुरतो. पाणी दिवसभरात प्या आणि झोपेआधीचे दोन तास घोटभरच.

पाच कपांचा प्रश्न तुम्ही सहज म्हणून लिहिला आहे, पण तो सहज नाही. कॅफीन झोपेची भूक मिटवत नाही, ती फक्त लपवतं: अ‍ॅडिनोसिन जिथे बसायचं त्या जागा ते अडवून ठेवतं. शरीरातून अर्धं कॅफीन निघून जायला साधारण पाच ते सहा तास लागतात. सहाच्या कपातलं अर्धं तुम्ही अकरा-बारापर्यंत बाळगून असता. प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून जास्त घटलेली आढळली आहे. तो डोस मोठा होता, पण वेळेचा मुद्दा लहान डोसालाही लागू पडतो. ‘मी कॉफी पिऊनही झोपतो’ म्हणणाऱ्यांची झोप लागते हे खरं, ती उथळ झालेली त्यांना कळत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणि गर्भारपणात कॅफीन बरंच जास्त वेळ टिकतं. तुमच्यासाठी शेवटचा कप दुपारी बारापर्यंत आणि दिवसाला दोनच. पाचवरून दोनवर एकदम येऊ नका. एकाएकी सोडलं की १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि त्रास आठवडाभर राहू शकतो. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा, संध्याकाळचा सर्वांत आधी. कोला, एनर्जी ड्रिंक, डार्क चॉकलेट आणि काही डोकेदुखीच्या गोळ्या यांतही कॅफीन असतं, वेष्टन वाचा.

मद्याने डोळा लवकर लागतो, पण यकृत ते संपवत आणतं तसतशी उत्तररात्र तुटक होते, आणि घोरणंही वाढतं. तीनला जाग येणाऱ्याने याकडे नक्की पाहावं. निकोटीन उत्तेजक आहे. रात्रीची शेवटची सिगारेट आराम देते असं वाटतं, प्रत्यक्षात ती तलफ भागवत असते.

दुपारची डुलकी खिडकी आखलेली असेपर्यंत बंद. पेंग अनावर होत असेल, गाडी चालवायची असेल, तर तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून.

संध्याकाळी शरीर थंड व्हायला मदत करा. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान उतरत असतं, रात्रीतून एखादा अंश सेल्सिअस. ही उष्णता तळहात आणि तळपायांतून बाहेर पडते. म्हणून झोपेच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ, किंवा त्याच पाण्यात पाय बुडवून बसणं, उपयोगी पडतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यानंतर आतलं तापमान लवकर उतरतं. अंघोळ करून लगेच आडवं झालात तर अंग अजून तापलेलं असतं, म्हणून ते अंतर हवं. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पाणी कोपराने तपासा, पायाने नको. खोली थंड हवी, जमल्यास १८ ते २० अंश. तितकी करता येत नसेल तर हवा खेळती ठेवा आणि पांघरूण पातळ घ्या. पाय गार पडले असतील तर झोप लांबते, अशा वेळी मोजे घाला.

निजण्याआधीचा दीड तास घरातले दिवे कमी करा. डोळ्यातल्या काही पेशी निळसर प्रकाशाला विशेष जाग्या होतात आणि मेलाटोनिनचं स्रवणं रोखतात. फोनच्या बाबतीत मात्र प्रकाशापेक्षा मजकूर जास्त जागवतो असं माझं मत आहे. पडदा पिवळा करून कामाचे निरोप वाचत बसलात तर हाती काहीच लागत नाही.

व्यायाम हवाच. बैठं काम असेल तर रोज अर्धा तास दम लागेल इतकं चालणं. जोरकस व्यायाम झोपेच्या तास-दोन तास आधी संपवा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. घशाशी येत असेल तर डाव्या कुशीवर झोपा, डोक्याकडची बाजू दहा-पंधरा सेंटिमीटर उंच करा. त्यासाठी पलंगाच्या पायांखाली ठोकळे द्या, उशांची चळत रचल्याने पोट दुमडतं आणि उलटंच होतं.

डोक्यातली चक्रं अंथरुणात थांबवायला जाऊ नका, त्यांची सोय आधी करा. संध्याकाळी पंधरा मिनिटं वहीत दोन रकाने: काय खुपतंय आणि त्यावर उद्या करता येईल अशी पहिली पायरी. झोपेआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी. बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या प्रयोगात उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी जास्त लवकर. म्हणून ‘ऑफिसचं बघायचं’ असं मोघम लिहू नका. ‘अकराला हिशेबाची फाइल पाठवायची’ असं लिहा.

अंग सैल सोडण्यासाठी एडमंड जेकबसन यांची स्नायू ताणून सोडण्याची रीत चांगली. पावलांपासून सुरुवात करा, पाच सेकंद ताणा, वीस सेकंद सोडा आणि सुटल्याचा फरक जाणवू द्या. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ. पेटके येण्याइतकं ताणायचं नाही. किंवा नुसता श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं. हे दिवसा दोन आठवडे शिकून मग रात्री वापरा. पहिल्याच रात्री ‘आता झोप लागलीच पाहिजे’ म्हणून केलंत तर तीही एक परीक्षा होते. ज्यांना अशीच धास्ती बसते त्यांनी उलट करावं: दिवा मालवून, डोळे उघडे ठेवून, शांतपणे जागं राहायचा प्रयत्न करावा. धडपड थांबली की बरेचदा पापण्या मिटतात.

वनौषधी आणि पूरक गोळ्यांबद्दल विचारलं जातं. कॅमोमाइल, व्हॅलेरियन, मॅग्नेशियम यांचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये जुनाट अनिद्रेसाठी व्हॅलेरियन आणि मेलाटोनिन दोन्ही वापरू नयेत असंच सुचवलं. मेलाटोनिन गुंगी आणणारं औषध नसून घड्याळाला वेळ सांगणारा संदेश आहे. विमानप्रवासानंतर किंवा घड्याळ फार मागे सरकलेल्यांना ठरावीक वेळी दिलं तर ते कामाचं. मनगटी यंत्रांचे आकडेही फार मनावर घेऊ नका. गाढ झोपेच्या मिनिटांचा त्यांचा अंदाज ढोबळ असतो आणि तो आकडा वाचून सकाळ खराब करून घेणारे बरेच आहेत.

वर सांगितलेलं वेळापत्रक, अंथरुणाचे नियम, मन शांत करण्याचे मार्ग आणि झोपेबद्दलच्या चुकीच्या समजुती सुधारणं, हे सगळं एकत्र करून सीबीटी-आय नावाचा उपचार होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट अनिद्रेवर गोळ्यांच्या आधी हाच द्यावा असं सांगितलं. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने, ही जुनाट अनिद्रेची व्याख्या, आणि तुम्ही तीत बसता. सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही फरक नसेल तर हा उपचार येणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे जा.

काही लक्षणं असतील तर मात्र सहा आठवडे थांबू नका. मोठ्याने घोरणं, श्वास थांबल्याचं शेजारी झोपणाऱ्याने पाहिलेलं असणं, सकाळी डोकं जड आणि तोंड कोरडं, दिवसा बसल्याजागी डोळा लागणं: हा झोपेत श्वास अडकण्याचा प्रकार असू शकतो, आणि वेळापत्रकाने तो बरा होत नाही. संध्याकाळी पाय हलवत राहावेसे वाटत असतील आणि चालल्यावर बरं वाटत असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या. लोहाची कमतरता हे त्याचं नेहमीचं आणि दुरुस्त होणारं कारण आहे. पहाटेची जाग, कशातच रस नसणं, जगण्याचा कंटाळा असं एकत्र दिसत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. थायरॉइड, स्टेरॉइड, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बंद नाकाची काही औषधं हीही झोप मोडतात. काही वेळा गोळीची वेळ सकाळी केल्यानेच काम होतं, पण तो बदल डॉक्टरांना विचारून करा. झोपेची गोळी आधीपासून रोज घेत असणाऱ्यांनी हे वाचून ती एकदम थांबवू नये. झोप आणखी बिघडते आणि काही गोळ्यांच्या बाबतीत झटकेही येऊ शकतात. डोस आठवड्यागणिक उतरवावा लागतो. जाताना ती दोन आठवड्यांची वही सोबत न्या, डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.